धुरपताबाईची गोफण

धुरपताबाईचा नेम कसा आहे ते राणीसावरगावच्या पाखरांना विचारावं. माणसं उगाच वाढवून सांगतात. पौष-माघात ज्वारीच्या कणसात दाणा भरला की ही बाई गोफण कमरेला गुंडाळून माळ्यावर चढते. माळा म्हणजे काय, तर रानात चार बल्ल्या रोवून वर टाकलेली फळकुटं आणि डोक्यावर कडब्याची सावली. तिथून ती स्वतःचं दीड एकर राखते आणि शेजारच्या तिघा-चौघांचंही. गोटा पाखराला लागू द्यायचा नाही, पण त्याच्या कानाजवळून असा न्यायचा की त्यानं पुन्हा या रानाचं नाव काढू नये, ही तिची रीत. मारलेलं पाखरू गप पडून राहतं, भ्यालेलं जाऊन बाकीच्यांना सांगतं, हे ती बापाकडून शिकली. दिनकररावाला हे ठाऊक नव्हतं. असतं तर तो तिच्या वाटेला गेला नसता.

पण दिनकररावाच्या आधी परमेश्वराचं सांगायला हवं. तो तिचा एकुलता मुलगा. सविता त्याच्या पाठची, ती आता नांदायला गेली. परमेश्वर या माळ्यावरच लहानाचा मोठा झाला. शाळा सुटली की दप्तर घेऊन वर चढायचा आणि आईच्या शेजारी पाय सोडून बसायचा. धुरपताबाई त्याला सांगायची, "कणसाकडं बघू नको. आभाळाच्या कडंला बघ. यायचं ते तिकडून यायलंय." पोरगं तासन् तास बघत बसायचं. दहाव्या वर्षी त्याला थवा तिच्याही आधी दिसायला लागला. ती वरवर चिडायची, पण आतून तिची छाती फुगायची.

होडी बघायची तर ज्या जिल्ह्यात येलदरीच्या धरणापर्यंत जावं लागतं, तिथलं हे पोरगं जहाजावर गेलं ते दिनकररावामुळं. दिनकरराव म्हणजे तिचा नवरा लिंबाजी याचा चुलतभाऊ. परभणीत स्टेशनकडच्या रस्त्याला त्याचं ऑफिस. काचेवर जहाजाचं चित्र, आत फिरती खुर्ची, आणि भिंतीवर त्यानं जहाजावर लावलेल्या पोरांचे फोटो. स्वतःचा पियुष तेवढा त्या भिंतीवर नव्हता. पियुष कृषी विद्यापीठात शिकत होता आणि संध्याकाळी जेवायला घरी येत होता. परमेश्वर बारावी झाला तसा दिनकरराव म्हणाला, "वैनी, पोराचं कल्याण करतो बघा." मुंबईकडं कुठंतरी सहा महिने शिकवलं आणि तेलाच्या जहाजावर पाठवलं. तिथं त्याला काम काय मिळालं तर पहाऱ्याचं. उघड्यावर उभं राहून चारी बाजूंनी समुद्र बघायचा आणि काही दिसलं तर आत सांगायचं. पहिल्याच फोनवर तो हसत म्हणाला, "माय, इथं बी राखणच हाय. फक्त दाणा न्हाई आन् पाखरू न्हाई." धुरपताबाईनं हे सगळ्या गावाला सांगितलं.

मग तिकडं लढाई पेटली. कोण कुणाशी लढतंय ते धुरपताबाईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही आणि आता कळून घ्यायचंही नाही. भाद्रपदात परमेश्वराचा फोन आला. "माय, आमाला लढाईच्या पट्ट्यातून न्यायलेत. मी न्हाई म्हणून लिहून दिलंय. बंदरात उतरतो आन् दसऱ्याला घरी येतो." तिनं देवीला नारळ बोलला. दसऱ्याच्या चार दिवस आधी दिनकरराव गाडी घेऊन दारात आला, पायातल्या वहाणा न काढता ओसरीवर बसला आणि म्हणाला, जहाजावर हल्ला झाला, परमेश्वर पाण्यात पडला, सापडला नाही.

धुरपताबाईनं एवढंच विचारलं, "तो तर उतरणार होता ना?"

"शेवटाला त्याचं मन बदललं, वैनी. डेरिंगबाज पोरगं." एवढं बोलून दिनकररावानं डोळ्याला रुमाल लावला.

दिवाळीत पूर्ण्याचा धम्मदीप आला. परमेश्वराच्याच जहाजावरचा, त्याच्याच वयाचा. चहाचा कप न पिताच खाली ठेवला. मग म्हणाला, "मावशी, राग येऊ देऊ नका. पण तुमी कामून जा म्हणलात त्याला?"

धुरपताबाईला वाटलं, पोराचं डोकं फिरलंय. "मी कुठं जा म्हणलं?"

मग त्यानं सगळं सांगितलं. लढाईच्या पट्ट्यातून व्यापारी जहाजं एकेकटी जात नव्हती. त्यांचा ताफा करायचे, एकामागं एक लावायचे, आणि पुढं-मागं लढाऊ जहाजं पहाऱ्याला. त्या पट्ट्यात शिरायच्या आधी प्रत्येकाला विचारतात, येतोस की उतरतोस. नाही म्हणायचा हक्क असतो. धम्मदीपनं आणि परमेश्वरानं दोघांनी नाही म्हणून लिहून दिलं. पिशव्या भरल्या, शिडीपाशी उभे राहिले, तेवढ्यात परमेश्वराचा फोन वाजला. दिनकररावाचा. धम्मदीप शेजारीच होता, त्यालाही सगळं ऐकू आलं. "तुझ्या मायशी आत्ताच बोललो. माय म्हणायली, निम्म्यातून पळून येणार असशील तर मला तोंड दाखवू नको. पहारा सोडून येणारं पोर माझं न्हाई म्हणावं." परमेश्वरानं आईला फोन लावला, तो लागला नाही, कारण ती रानात होती आणि रानात रेंज नसते. तो म्हणाला, "माय म्हणली मग संपलं," आणि पिशवी उचलून परत आत गेला. धम्मदीप उतरला, पुढचं त्याला वाचलेल्यांनी फोनवर सांगितलं. तिसऱ्या दिवशी स्फोटकांनी भरलेली एक छोटी बोट जहाजाच्या त्याच बाजूला येऊन धडकली जिथं तो पहाऱ्याला उभा होता. ती बोट सगळ्यात आधी त्यालाच दिसली. त्यानं आत ओरडून सांगितलं, म्हणून बाकीचे वाचले. दोघं पाण्यात पडले, एक सापडला. ताफा थांबत नाही, थांबला तर सगळ्यांवरच हल्ला होतो. एक लढाऊ जहाज मागं राहिलं आणि दोन दिवस शोधत फिरलं.

धुरपताबाई रडली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. पोरगं गेलं हे एक. पण आईनं आपल्याला टाकलं असं समजून गेलं, हे तिला गिळवेना. तिनं त्याला चाळीस हातावरून पाखरू ओळखायला शिकवलं आणि या माणसानं तिच्याच तोंडचे शब्द म्हणून सांगून त्याला मरणात ढकललं. कशासाठी, तर ऐन वेळी पोरं उतरली तर कंपनी पुन्हा आपली पोरं घेणार नाही, या भीतीपोटी.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं परभणीला गेली. दिनकररावानं तिला फिरत्या खुर्चीसमोर बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि गळ्याला हात लावून म्हणाला, "परमेश्वराची शपथ, वैनी, मी असा फोनच केला न्हाई. त्या पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय." मेलेल्या पोराची शपथ घेताना त्याचा आवाजसुद्धा हलला नाही. धुरपताबाईनं चहाला हात लावला नाही. भिंतीवरच्या परमेश्वराच्या फोटोला आता हार होता. तिनं तो फोटो खिळ्यावरून काढला, पदराखाली घेतला आणि चालती झाली.

लिंबाजी म्हणाला, पोलिसात जाऊ. ती म्हणाली, "पोलीस त्याला कोर्टात नेतील. माझ्या लेकराला कोर्टातलं ऐकू जाईल का?" धम्मदीप म्हणाला, मी चार लोकांत उभा राहून सांगतो. त्यालाही ती नको म्हणाली. "त्याच्या आवाजात खोटं ऐकून माझं लेकरू गेलंय. खरं बी त्याच्याच आवाजात ऐकलं पाहिजे." एवढीच तिची मागणी होती, आणि त्याच्यापेक्षा कमी काही ती घेणार नव्हती.

मार्गशीर्षात दिनकररावानं शाळेच्या मैदानावर शोकसभा ठेवली. फलकावर परमेश्वराचं नाव जेवढं मोठं, त्याच्या दुप्पट दिनकररावाचं. भाषणात तो म्हणाला, धन्य ती माय जिनं लढाईच्या तोंडी पोराला जा म्हणून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धुरपताबाई मागं लिंबाखाली उभी होती. तिनं अंतर बघितलं. पन्नास पावलं, वारा पाठीमागून, उजवं कानशील उघडं. कमरेला गोफण होती आणि मुठीत गोटा होता. एक फेरा दिला असता की काम झालं असतं. तिनं मूठ उघडली, ती दया आली म्हणून नव्हे. मेल्यावर तो बोलणार कसा?

पौषात कंपनीचा कागद आला. परमेश्वर बेपत्ता नव्हे, मयत धरावा असा. आता क्रियाकर्म करता येणार होतं. भावकी बसली. काशीनाथ गुरुजी म्हणाले, देह नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा आणि तिथून दहावा दिवस मोजावा. सगळे म्हणाले, दहावा गंगाखेडला गोदावरीवर करू, तिथं घाटावर कावळेही भरपूर. धुरपताबाई पहिल्यांदाच बोलली. "दहावा आपल्या रानाच्या कडंला, ओढ्यावर. तो तिथं वाढलाय." आईचा शब्द म्हणून कुणी मोडला नाही. दिनकरराव चुलता, भावकीतला. दहाव्याला डोकं करायला, म्हणजे भादरायला, त्याला यावंच लागणार होतं. नाही आला तर गावानं विचारलं असतं. नऊ दिवस धुरपताबाई ओढ्यातले गोल गोटे वेचत होती.

दहाव्याला सकाळी भावकीतल्या बाप्यांनी डोकी केली. ओढ्याकाठच्या सपाट दगडावर पिंड ठेवला, वर दहीभात. रीत अशी की मंडळींनी मागं सरायचं, कावळ्यानं येऊन पिंडाला शिवायचं. मेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी मोठ्यानं सांगायचं की तुझं हे करू, ते करू. कावळा शिवल्याशिवाय कुणी पाण्याला तोंड लावायचं नाही.

चिंचेवर सात-आठ कावळे होते. पहिला खाली उतरला आणि धुरपताबाईच्या गोफणीचा आवाज झाला. गोटा कावळ्याच्या चोचीसमोरून गेला. कावळा उलटा फिरला.

लोकांना वाटलं, दुःखानं बाईचं भान गेलं. सविता धावली. "माय, काय करायलीस? दादाला शिवायला आलेत ते."

"मला म्हाईत हाय."

दुसरा आला, तिसरा आला. गोटे सुटत राहिले. ना कावळ्याला लागले, ना पिंडाला. गुरुजी हात जोडून म्हणाले, "बाई, हे पाप आहे. पोराची गती अडवू नका."

"गुरुजी, त्याची इच्छा राहिलीय. ती पुरी झाल्याशिवाय मी शिवू देणार न्हाई. इथं एका माणसाला ती म्हाईत हाय. त्यानं सांगावी."

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. मग एकेक जण पुढं येऊन बोलायला लागला. कुणी म्हणालं, सविताला अंतर देणार नाही. कुणी म्हणालं, म्हाताऱ्या मायबापाला बघू. प्रत्येक जण बोलला की धुरपताबाई मान हलवायची आणि खाली येऊ बघणारा कावळा परत चिंचेवर जायचा. ऊन डोक्यावर आलं. नुकती केलेली डोकी भाजायला लागली. बायकांनी शिजवलेला स्वयंपाक पातेल्यात गार झाला.

शेवटी दिनकरराव उठला. "परमेश्वरा, शाळेच्या फाटकाला तुझं नाव देऊ," असं म्हणाला. त्याच्या पायाजवळच्या मातीत गोटा येऊन रुतला. तो दोन पावलं मागं सरला आणि तेवढ्यानं सगळ्या भावकीला कळलं की हे कुणासाठी चाललंय.

सिताराम आबा भावकीत सगळ्यात थोरले. ते म्हणाले, "दिनकर, ती तुझ्याकडंच कामून बघायली? काही असेल तर बोल बाबा. लोक उपाशी हायेत."

"माझं काय असणार, आबा?"

कुणी उठलं नाही. धम्मदीप पार मागं उभा होता, त्याच्याकडं दिनकररावाची नजर गेली आणि खाली झुकली. अजून अर्धा तास गेला. सगळी भावकी त्याच्याकडं बघत होती, चिंचेवरचे कावळे ओरडत होते आणि धुरपताबाई गोफणीत नवा गोटा घालून उभी होती. आधी तो हळूच बोलला, कुणालाच ऐकू गेलं नाही.

"मला ऐकवू नको," धुरपताबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दिराला अरेतुरे केलं. "पिंडासमोर बस आन् त्याला सांग. मोठ्यानं."

तो पिंडासमोर जाऊन बसला, खरं तर कोसळला. "परमेश्वरा, तुझी माय जा म्हणली नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं. तिच्या नावानं मी खोटं बोललो."

लिंबाजी तोंडाला धोतराचा सोगा लावून रडला. सिताराम आबा बाजूला थुंकले. धुरपताबाईनं गोफण उतरवली, कमरेला गुंडाळली आणि म्हणाली, "आता शिवू द्या."

पण कावळे येईनात. चिंचेवर बसले, ओरडले, एक-दोघांनी घिरटी घातली आणि पुन्हा वर. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले, खरा शिवत नसेल तर गवताचा करून शिववतात. धुरपताबाईनं त्यांच्या हातातलं गवत काढून घेतलं. माझ्या लेकराला गवताचा कावळा नको. मग लिंबाजी तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "धुरपे, तू हाईस तवर ते येणार न्हाईत. भ्यालेत ते तुला."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाखरांना कसं भ्यावं हे तिनंच शिकवलं होतं, आणि ती शिकवलेलं विसरत नसत. कावळा शिवायचा तर तिला जावं लागणार होतं. पोराचा शेवटचा घास बघायला ती थांबू शकत नव्हती.

तिनं मंडळींना चिंचेपल्याडच्या पत्र्याच्या शेडकडं जायला सांगितलं. दिनकरराव उठायला लागला तर म्हणाली, "तू बस. शिवेपर्यंत तू उठायचं न्हाई." मग लिंबाजीचा हात धरून पाठ फिरवून ती चालायला लागली. ज्वारीच्या ताटातून, माळ्यापर्यंत. मागं वळून बघितलं नाही. पाठीला डोळे असते तर बरं झालं असतं. माळ्याच्या बल्लीला टेकून ती उभी राहते न राहते तोच शेडकडून गुरुजींची हाक आली, "शिवला." पिंडावरून घास घेऊन उडालेला कावळा त्यांना दिसला होता. त्याच्या आधीचं कुणालाच दिसलं नव्हतं.

धुरपताबाई परत आली. लोक पाण्याकडं धावत होते. दिनकरराव गुडघ्याची माती झटकत होता. ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं ठरवून ती आली होती, त्याच्यासमोर तिला उभं राहावं लागलं. जवळून बघणारा तोच एकटा होता.

"कसा आला?" तिनं विचारलं.

दिनकररावानं तिच्याकडं बघितलं. "एकटाच आला, वैनी. खाली उतरला. आधी जरा तुमच्या माळ्याकडं बघत बसला. मग शिवला."

नेमकं हेच तिला ऐकायचं होतं. आणि तिला काय ऐकायचं आहे ते त्या माणसाला चांगलं कळत होतं. आईच्या नावानं पोराला जो सांगू शकतो, तो पोराच्या नावानं आईलाही सांगेल.

"पितृपक्षात त्याच्या तिथीला इथं यायचं," ती म्हणाली. "दर साली. चार लोकांत हेच बोलायचं. आधी खोटं बोललास ते, मग कावळा कसा आला ते."

"आता झालं ना वैनी सगळं. त्याचं सुटलं."

"त्याचं सुटलं. माझं न्हाई." आणि सिताराम आबा मागून म्हणाले, "येईल तो. आमी आणू."

याला आता दोन वर्षं झाली. परभणीतल्या ऑफिसच्या काचेवरचं जहाज कुणीतरी खरवडून काढलं, आत आता मोबाइलचं दुकान आहे. या तालुक्यातलं एकही पोरगं दिनकररावाकडं जात नाही. तिथीला मात्र तो येतो, दोन्ही वेळा आला. ओढ्यावर सगळं गाव जमतं. तो पिंडासमोर उभा राहतो आणि म्हणतो, तुझी माय जा म्हणली नव्हती, मी खोटं बोललो. हे बोलताना त्याची मान खाली असते आणि आवाज कापतो. धुरपताबाई ते उभ्यानं ऐकते आणि तिचं काळीज निवतं.

मग ती विचारते, कावळा कसा आला. तो तेच शब्द सांगतो, एकही इकडचा तिकडं होत नाही. धुरपताबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहते, डोळ्यात तेल घालून, आभाळाच्या कडंला बघावं तशी. पहिलं खरं आहे हे तिला माहीत आहे. दुसरं खरं की खोटं ते तिला अजून कळलेलं नाही, आणि कळेपर्यंत ती त्याला सोडणार नाही.